हात घेऊन या

जर्मनटाउन, फिलाडेल्फिया
शनिवार, १० मार्च २०१८

प्रिय अयाना,

नाताळच्या कार्डाव्यतिरिक्त माझं काही आलं म्हणजे तुझ्या मनात पहिलं हेच येईल की म्हातारा आजारी पडला. तसं काही नाही. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी दाढी करताना अजून कविता म्हणतो. पिंकनी बाईंनी पट्टी उगारून पाठ करून घेतलेल्या, आम्ही जन्मात न पाहिलेल्या फुलांच्या आणि बर्फाच्या कविता. त्याच कविता मी स्वतः आपल्या शाळेतून हद्दपार केल्या होत्या, हे तुला आठवत असेल. शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी नोरव्हेला म्हणते, "बाबा जबारी, तुम्ही गोऱ्यांचे कवी दारातून काढलेत आणि मोरीतून आत घेतलेत." तिचं वय सत्तर झालं तरी जीभ अजून विशीतलीच आहे.

शाळा आता फक्त शनिवारी भरते. तीच जुनी बेकरी, तोच भट्टीचा कोपरा. चौदा मुलं आहेत. सकाळी गोल करून उभं राहायचं, कुंडीतल्या झाडाला पाणी घालत एकेकाने एका पूर्वजाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'आशे', तसंच होवो, म्हणायचं, हे सगळं तसंच चालू आहे. नंतर ढोल, नंतर नाईलच्या काठची गणितं, मग कविता. माझ्या हाताखाली मुलं ताठ उभी राहतात. आफ्रिकेतल्या राजाराण्यांची नावं घेतात तेव्हा त्यांच्या माना कशा वर होतात! तेवढं एक दृश्य पाहायला मी अजून दोन बस बदलून जातो.

पण पत्र लिहायला बसलो ते झारियामुळे.

सात वर्षांची आहे. आजी तिला घेऊन येते. रोजच्या शाळेने लेखी कळवलंय की मुलीला मोजता येत नाही, ती बोलत नाही, तेव्हा ऑगस्टात एकदा तपासू आणि सप्टेंबरपासून मंद मुलांच्या वर्गात बसवू. एकदा त्या वर्गात बसलेलं आपल्या काळ्यांचं मूल परत बाहेर आलेलं मी पंचेचाळीस वर्षांत दोनदाच पाहिलं. तिची आजी मला म्हणाली, "तुमच्याकडे राण्या आहेत म्हणे. बघा एखादी हिच्या उपयोगी पडते का."

मी सगळं करून पाहिलं. राण्या सांगितल्या, मणी मोजायला दिले, ढोल दिला. ती माझ्या बुटांकडे पाहत बसते.

गेल्या शनिवारी मात्र ती स्वयंपाकघराच्या भिंतीशी एकटी उभी होती आणि भिंतीवर टाळ्या देत होती. सरळ, उलट, मांडीवर, परत भिंतीवर. मी दारातच थांबलो. तो ठेका मला माहीत होता, पण कुठला ते काही केल्या आठवेना. मग हातांनाच आठवलं. जेवणाच्या रांगेत मुलं उभी असायची तेव्हा तुझी आजी त्यांच्याबरोबर खेळायची ते टाळ्यांचं गाणं:

एक वाटी मका, दोन वाट्या पाणी,
तीन माशा गुणगुणल्या, चौथी म्हणे गाणी.

मी तळवे पुढे केले आणि एवढं म्हटलं. पोरीने मान वर केली. माझ्या तळव्यांवर तिचे तळवे बरोब्बर पडले, चारही वेळा. आणि पाचव्याला ती थांबून माझ्याकडे पाहत राहिली. मला पुढचं येत नाही, अयाना. तीही पुढच्यासाठी माझ्याकडेच पाहत होती.

ते तुला पूर्ण येत असणार. आजी भाकरीचं पीठ मळताना तुलाच सगळं शिकवायची. तेवढं लिहून पाठवशील का? आपल्यातल्या जुन्या गोष्टींबद्दल मी आज लिहीत नाही. हे एका मुलीचं काम आहे.

लेथाला पापा. ती आता दहा वर्षांची झाली, हे कार्डावरून मोजलं.

तुझा,
पॉप

(शाळेतली सगळीच मुलं मला बाबा म्हणायची म्हणून तू एकटी पॉप म्हणायचीस. मी त्यावर एकदा ओरडलो होतो. ओरडायला नको होतं.)


शनिवार, ७ एप्रिल

प्रिय अयाना,

चार आठवडे झाले. टपालाचा दोष नसावा.

तुझी वाट पाहताना मी एक उद्योग केला. पुढच्या ओळी आठवत नाहीत तर नव्या रचाव्यात असं ठरवलं. आयुष्यभर कविता शिकवली, चार ओळी काय अवघड? पाचवर पाच पिरॅमिड घातले, सहावर सहा सिंहासनं, सातवर सात सम्राज्ञी. वृत्त चोख होतं. स्वतःवर इतका खूश झालो की बसमध्ये शेजारच्या बाईला म्हणून दाखवलं. ती पुढच्या थांब्यावर उतरली.

शनिवारी मुलांना दिलं. 'सम्राज्ञी' म्हणेपर्यंत टाळी निघून गेलेली असायची. दोन पोरांची डोकी आपटली. झारियाने पहिल्या चार टाळ्या दिल्या, पाचव्याला हात मागे घेतले आणि मला पाठ करून बसली.

नोरव्हेला मका भिजवत होती. म्हणाली, "बाबा, पोरीला फसवायला जाऊ नका. तिला कळतं, कुठे तुमची आई संपते आणि कुठे तुम्ही सुरू होता."

"तुला तरी येतं का पुढचं?" मी विचारलं.

"मी कुठली? मी उत्तरेत जन्मलेली. आमच्याकडे दोरीवरच्या उड्या. तुमच्या आईकडे शिकले असते, पण तुम्ही बंद केलंत ना ते."

मी म्हटलं, बंद केलं असं नाही. त्या काळात वेळापत्रक भरगच्च होतं. तिने पातेल्यात आणखी पाणी ओतलं. मका भिजवत राहिली.

तुला राग आहे हे मला माहीत आहे. आजीच्या अंत्यविधीच्या पत्रकावर जे काही छापलं गेलं त्याबद्दल मलाही वाईट वाटतं. तेवीस वर्षं झाली त्याला. तुझी आई गेली तेव्हाही तू आलीस, मागच्या बाकावर लेथाला मांडीवर घेऊन बसलीस आणि जेवणाआधी निघालीस. माझ्या डेल्फीनला ते आवडलं नसतं. तिला पाहुणा उपाशी गेलेला चालायचा नाही.

गाण्याच्या ओळी फक्त. बाकी काही मागत नाही.

तुझा,
पॉप


शनिवार, २८ एप्रिल

प्रिय अयाना,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि आधी चहा केला. मग बसलो.

चारच ओळी होत्या. "पॉप, 'छापलं गेलं' नाही. तुम्ही छापलंत. आजी जन्मली तो वार कुठला होता, ते मला सांगा. मग गाण्याचं बघू."

वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. पण पॉप लिहिलंस, ते मी चारदा वाचलं.

वार मला माहीत नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून आता उरलेलंही लिहून टाकतो.

आपल्या शाळेत प्रत्येक मुलाला घानाच्या रीतीने वाराचं नाव मिळायचं. मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं. चारशे मुलांच्या आयांना मी वार विचारले. कुणाला आठवला नाही तर जुनी कॅलेंडरं उघडली. माझ्या आईला विचारलं नाही. ती रोज सकाळी सात वाजता माझ्याच शाळेत चूल पेटवायची, आणि मी विचारलं नाही. ती गेली तेव्हा छापखान्यात उभं राहून 'अमा' असं लिहून दिलं. अमा म्हणजे शनिवारची. कानाला गोड लागलं म्हणून. आर्लेथा गॅड्सडेन हे नाव पत्रकावर कुठेच नव्हतं. गुलामीतल्या मालकाने दिलेलं आडनाव आणि मालकिणीच्या बहिणीचं नाव घेऊन माझी आई मातीत जाणार नाही, असं मी छापखानेवाल्याला भाषण ठोकलं. तो बिचारा कागदाचा रंग विचारत होता.

चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका पत्रक उलटंसुलटं करत होत्या. "ही अमा कोण? आर्लेथाचं कधी आहे?" असं विचारत होत्या. एक जण तर चुकीच्या दिवशी आले म्हणत उठून निघाली. तिला कुणी थांबवलं नाही. आणि तू पहिल्या बाकावरून उठलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "माझ्या आजीचं नाव आर्लेथा आहे," आणि बाहेर गेलीस. मी तेव्हा पाहुण्यांना म्हटलं, पोरगी दुःखाने भ्रमिष्ट झालीय.

टाळ्यांचं गाणंही मीच बंद केलं. वेळापत्रक बिळापत्रक काही नाही. शहरातून काही मोठे लोक शाळा पाहायला येणार होते. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिला म्हटलं, "मा, आपल्याकडे पाच हजार वर्षांचं गणित आहे आणि तू यांना मका-पाणी शिकवतेस. हे गुलामीतले खेळ आहेत." तिने हात पुसले. माझं जबारीच्या आधीचं, तिने ठेवलेलं नाव घेऊन म्हणाली, "बरं, झीक." एवढंच. तुझं वय तेव्हा आठ-नऊ. तू रांगेत पहिली होतीस, हात पुढे करून उभी. तू ऐकलंस, हे मला तेव्हाच माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तू लहान होतीस, तुला कळलं नसेल.

आज गोलात माझी पाळी आली. चाळीस वर्षं मी त्या कुंडीत राजेच ओतत आलो. आज पाणी घालून म्हटलं, "आर्लेथा गॅड्सडेन." मुलं थांबली. एका पोराने विचारलं, "ही कुठल्या देशाची राणी?" मी म्हटलं, "या स्वयंपाकघराची." हे म्हटल्यावर मलाच जरा नाटकी वाटलं, म्हणून पुढे म्हटलं, "माझी आई. फार छान भात करायची." मग सगळी 'आशे' म्हणाली. त्यानंतर अर्ध्या मुलांनी आपापल्या आज्या सांगितल्या. एकाने जिवंत आजी सांगितली. नोरव्हेला ओरडली, "अरे ती बाहेर गाडीत बसलीय!"

तेव्हा वार मला माहीत नाही. ती विचारलं की म्हणायची, "डुकरं कापायच्या दिवशी जन्मले." एवढंच मला येतं.

तुझा,
पॉप


शनिवार, १९ मे

अयाना,

घाईत लिहितो. तुझं दुसरं पत्र मिळालं. "ते मी लिहून पाठवणार नाही. कागदावर तुम्ही तिचं काय केलंत ते मी पाहिलंय. आणि तसंही ते लिहून येत नाही, तळव्याला तळवा लागल्याशिवाय ते कुणाला आलेलं नाही. पाहिजे असेल तर हात घेऊन या."

तिकीट काढलं. शुक्रवार, आठ जूनची सकाळची गाडी, दक्षिणेत किंगस्ट्रीला संध्याकाळी साडेसहापर्यंत. मंगळवारी परत. सत्तावन्न वर्षांपूर्वी मी त्याच स्टेशनावरून चढलो होतो, बुटाच्या खोक्यात तळलेल्या कोंबडीची शिदोरी घेऊन. मग पुन्हा म्हणून तिकडे पाऊल टाकलं नाही. दक्षिणेतून आलेल्या मुलांना मी आफ्रिकेचा नकाशा काढायला शिकवला आणि स्वतःच्या गावाचं स्टेशन विसरलो, असं नोरव्हेला म्हणते. मी नाही विसरलो. ते निराळं आहे.

लेथाला काय आवडतं? मी पुस्तकं आणणार होतो. नोरव्हेला म्हणते, "इथले खारे प्रेट्झेल न्या. पुस्तकं तुम्ही न उघडताच तोंडाने ऐकवता."

पॉप


गाडीत, मंगळवार, १२ जून

प्रिय अयाना,

मघाशी फलाटावर तू होतीस, मी होतो, आणि आपण दोघं गाडीच्या वेळेबद्दल बोललो. म्हणून जे बोलायचं होतं ते आता लिहितो. हलतंय, अक्षर सांभाळून घे.

शुक्रवारी तू मला न्यायला आलीस तेव्हा दवाखान्यातल्या ड्युटीचे कपडे अंगावर होते आणि तू म्हणालीस, "बारीक झालात." मी म्हटलं, "तू जाड झालीस." मग पाऊण तास मी खिडकीतून शेतं मोजली. पण घरी पोचल्यावर कोळंबी घातलेला लाल भात आणि भेंडी समोर आली आणि पहिल्याच घासाला माझा हात थांबला. तू विचारलंस, "तिखट झालं?" मी हो म्हटलं. तिखट झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं होतं, तू शिकवशील. तू म्हणालीस, "मला काम आहे. लेथा शिकवेल." आणि आत गेलीस. मग मी आणि ती पायरीवर बसलो. ती मला आधी नीट न्याहाळत होती. मग म्हणाली, "आजोबा, हात इतके वर नाही. तुम्ही काही कुणाला थांबवत नाही आहात."

पाचवर मी चुकलो. सहावर चुकलो. खिडकीतून तुझा आवाज आला, "परत. पहिल्यापासून." तू आत भांडी घासत होतीस आणि पाठीनेच ऐकत होतीस. माझी आई अशीच ऐकायची. दुपारपर्यंत तुझं 'परत' सतरा वेळा झालं. मी मोजत होतो, शाळामास्तरची सवय.

आणि मग सगळं कानावर पडलं. तुझ्यासाठी नाही, माझ्या हाताला लिहायची हौस म्हणून एकदाच लिहितो, नंतर हे पान तू चुलीत घाल:

पाच पोरी पाणवठ्याला, सहावी आली मागे,
सातवीचं लग्न ठरलं, आठवी रुसून जागे.
नऊ होड्या गेल्या पार, दहावी आली घरी,
दहावीला विचारा बायांनो, किती राहिल्या दुरी?

आणि तिथून उलटं मोजायचं. नऊ राहिल्या, आठ राहिल्या, प्रत्येक आकड्याला हात बदलून.

अयाना, नऊ होड्या गेल्या पार! मी तिथेच थांबलो. आपले लोक समुद्रापार कसे नेले गेले हे जे मला पन्नास वर्षं सांगायचं होतं, ज्यासाठी मी नकाशे आणले, घानाहून ढोल आणले, ते ही बाई माझ्याच स्वयंपाकघरात भात वाढता वाढता मुलांच्या हातावर ठेवत होती. मी लेथाला म्हटलं, "बाळ, या होड्या कुठल्या ते माहीत आहे का? चारशे वर्षांपूर्वी—"

ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलायला लागलात की हात थांबतात."

आतून तू हसलीस. भांड्यांच्या आवाजातही मला ऐकू आलं. तेवीस वर्षांनी ऐकलं ते.

रविवारी चर्चमधून आल्यावर तू आजीचं जुनं बायबल काढलंस आणि मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलंस. सुईणीचं अक्षर. 'आर्लेथा, मुलगी, गुरुवार, डुकरं कापायला पुरुष मंडळी बाहेर.' गुरुवार! माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुवार म्हणजे मग तिचं नाव—"

"पॉप."

मी गप्प बसलो. आयुष्यात एवढा चटकन मी कधी गप्प बसलो नव्हतो. लेथा आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत होती. मग तिनेच विचारलं, "मग तिचं नाव काय झालं असतं?" तू बायबल मिटलंस आणि म्हणालीस, "सांगा तिला. तिला माहीत असायला हरकत नाही. छापू नका म्हणजे झालं."

मी सांगितलं, गुरुवारच्या मुलीचं घानातलं नाव: या. ती म्हणाली, "एवढंसंच?" आणि बाहेर खेळायला गेली.

तू मग म्हणालीस ते मी या गाडीत पुन्हा पुन्हा काढून बघतोय. "मला तुमची शाळा वाईट कधीच वाटली नाही, पॉप. ताठ उभं राहायला मी तिथेच शिकले. चर्चमध्ये उठून उभी राहिले ना, ते तुम्हीच शिकवलेलं होतं." मी म्हटलं, "भेंडी छान झाली होती." तू म्हणालीस, "ती परवा होती."

फलाटावर तू माझी पिशवी हातात घेतलीस आणि परत देईनास. मग म्हणालीस, "तीन दिवसांत काय शिकणार तुम्ही? सातवर अजून अडखळता. ऑगस्टात भुईमूग निघतो. उकडलेल्या शेंगा खायला या." आणि लेथाने खिडकीच्या काचेवर बाहेरून तळवा ठेवला. मी आतून ठेवला. मग गाडीच निघाली.

माझे तळवे अजून लाल आहेत. शेजारच्या माणसाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, लेकीकडे गेलो होतो.

तुझा,
पॉप


जर्मनटाउन
शनिवार, २३ जून

प्रिय अयाना,

आज झारिया आली.

गोल झाला, नावं घेऊन झाली, ढोल झाला. मी काही बोललो नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसलो आणि तळवे पुढे केले, फार वर नाही. ती बराच वेळ भिंतीशी उभी होती. मागच्या वेळच्या सम्राज्ञी ती विसरली नव्हती, हे दिसत होतं. नोरव्हेलाने मुलांना बाहेर काढलं, "चला, चला, इथे काय सर्कस आहे?" आणि स्वतः मात्र दारामागे उभी राहिली.

एक वाटी मका. ती आली. दोन वाट्या पाणी. हात लागले. चौथीपर्यंत आलो आणि पाचव्याला तिने श्वास रोखला, मला कळलं. पाच पोरी पाणवठ्याला. तिचे हात तिथेच होते, माझ्याआधी. सहा. सातवर मी अडखळलो, तुझ्या शापाने, आणि ती स्पष्ट म्हणाली, "परत. पहिल्यापासून." मला तर क्षणभर वाटलं, तूच खिडकीत आहेस. ही शब्द बोलली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात केली.

दहापर्यंत गेलो. उलटे आलो. नऊ राहिल्या, आठ राहिल्या, ती मोजत होती, ओठ हलत होते, मग आवाज येऊ लागला, आणि तीनच्या पुढे माझा आवाज थांबला तरी तिचा थांबला नाही. आम्ही अकरा वेळा खेळलो. तिची आजी न्यायला आली ती तिथेच बाकावर बसली, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाली, "हे तर माझी चुलती खेळायची. व्हर्जिनियात. ठेका हाच, शब्द वेगळे. मी घरी आपली सहज भिंतीवर वाजवायचे, हिने उचललं असेल. मला वाटलं, याचा काय उपयोग." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटायचं." पुढच्या शनिवारी त्या बाई येऊन आपल्या चुलतीचे शब्द शिकवणार आहेत. नोरव्हेलाने त्यांना वेळापत्रकात घातलंसुद्धा. माझ्या कवितेचा तास गेला. ते ठीकच आहे. कविता म्हणायला मला दाढीची वेळ आहे.

ऑगस्टातल्या तपासणीचं काय होईल, मला माहीत नाही. ते लोक तिच्यापुढे कागद ठेवतील आणि ती बुटांकडे बघेल, असंही होऊ शकेल. आम्ही दोघं सोबत जाणार आहोत, तिची आजी आणि मी. मी ताठ उभा राहीन. तेवढं मला येतं.

पण लिहायचं होतं ते निराळंच. सगळे निघाले, मी दार लावत होतो, तेव्हा झारिया पायऱ्या उतरून पुन्हा वर आली. माझी बाही ओढली. या मुलीला मोजता येत नाही, असं लेखी आहे. तिने मला विचारलं, "आणि अकरावी होडी?"

मी म्हटलं, "अकरावी?"

"नऊ गेल्या. दहावी घरी आली. अकरावी कुठे गेली?"

पूर्वीचा मी असतो तर तिथेच चार ओळी रचून मोकळा झालो असतो. मी म्हटलं, "मला नाही माहीत. माझ्या मुलीला माहीत असेल. विचारून सांगतो."

तिने मान डोलावली आणि गेली.

तेव्हा अयाना, अकरावीचं काय ते आठवून ठेव. तुला ठाऊक नसेल तर लेथाला विचार. फक्त लिहून पाठवू नकोस. मी येतो.

तुझा,
पॉप